शेवटचा आकडा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हे. या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले, तोंडी लावणं म्हणून. पिंपळ, पैंजणांचा आवाज, सुनसान रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, ‘काहीही हं!’ म्हणायचं आणि ताट उचलायचं. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. अंधारसुद्धा नाही. जे झालं ते भर दिवसा, गुडगावच्या एका चकाचक ऑफिसात, एसीच्या गारठ्यात, सगळ्यांच्या देखत झालं. आणि खरं म्हणजे ही गोष्ट भीतीची नाहीच, जळफळाटाची आहे. मी एका मुलीवर जळले. चांगली सणसणून जळले. तेवढं वगळलं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

आधी घरचं सांगते. माझं लहानपण, शाळा, कॉलेज सगळं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाबा एका मंत्रालयात बजेटच्या कामाला होते. रिटायर झाल्यावर आम्ही द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हा द्वारका म्हणजे अर्धे टॉवर आणि अर्धी धूळ, मेट्रो येणार येणार म्हणून सगळे वाट बघत बसलेले. बाबांनी नव्या घरात एक दिवाळी केली, दुसरी नाही. सकाळी मी निघाले तेव्हा बाल्कनीत पेपर वाचत होते, दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. हार्ट. काही बोलणं नाही, निरोप नाही. दहाव्याला यमुनेकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, ‘बघा, काही इच्छा राहिली नव्हती हो त्यांची.’ अरे, पण माझी राहिली होती ना! ती कुणी विचारली? मला एकदा, फक्त एकदा, बाबांकडून काहीतरी हवं होतं. काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

आता बाबांचा आणि माझा एक खेळ. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला शाळेत सोडायला बाबा बसस्टॉपवर यायचे. डीटीसीची बस कधी वेळेवर आलीय? तोवर आम्ही गाड्यांच्या नंबरांचा खेळ खेळायचो. बाबा नियम सांगायचे — ‘पहिला आणि शेवटचा आकडा सारखा हवा, मध्ये काहीही चालेल.’ मी जाणाऱ्या स्कूटरी, मोटारी बघत बसायची आणि नियमात बसणारा नंबर दिसला की ओरडायची. मग उलटा डाव. नियम मी सांगायचा आणि बाबांनी मनाने नंबर बनवून म्हणायचा. यात मात्र बाबा अगदीच कच्चे. छान चाललेलं असायचं आणि शेवटच्या आकड्याला घसरायचे.

‘चार... सात... दोन... पाच!’

‘बाबाऽ चुकलात! शेवटी चार पाहिजे!’

मग ते कपाळावर हात मारून घ्यायचे. ‘हात्तिच्या! परत हरलो!’ रोज मीच जिंकायची. जिंकून ऐटीत बसमध्ये चढायची.

मोठेपणी नोकरीही तसलीच मिळाली बघा. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती नुसत्या उगवत होत्या. आमच्या ऑफिसच्या पुढच्या खिडकीतून टॉवर दिसायचे आणि मागच्या खिडकीतून सरसोंचं शेत. दिवसातून कितीदा तरी लाइट जायची, जनरेटर घुरघुरायचा. मी टेस्टिंगच्या टीममध्ये होते. एका विमा कंपनीचे ऑनलाइन फॉर्म आम्ही तपासत होतो. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला एक साचा असतो, त्याला आमच्याकडे रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. म्हणजे इथे दोन अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर, असं. तुम्ही भरलेलं त्या साच्यात बसतं की नाही, एवढं कॉम्प्युटर बघतो. पण टेस्टिंगला ढिगाने खोटी माहिती लागते. ती हाताने कोण भरत बसणार? म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला, उलट्या कामाचा. त्याला नुसता साचा द्यायचा. तो त्यात बसणाऱ्या हव्या तेवढ्या ओळी मनाने पाडून देणार. चकली सोऱ्यातलीच आहे का, हे ओळखणं वेगळं आणि सोऱ्या हातात घेऊन चकल्या पाडणं वेगळं. माझा प्रोग्रॅम चकल्या पाडायचा. मॅनेजर खन्नासाहेब खूश झाले. ‘वाह मेधा, बिल्कुल मशीनगन है!’

फक्त एक भानगड होती. मी प्रोग्रॅम चालवला की ढिगात एक ओळ हमखास चुकीची निघायची. फॉर्म बाकी सगळ्या घ्यायचा आणि ती एक तोंडावर फेकायचा. बघावं तर सगळी ओळ बरोबर, शेवटचा आकडा तेवढा चुकलेला. साचा म्हणतोय शेवटी सहा हवा, तर इथे सात. तीन हवा, तर चार. दर वेळी एकाने जास्त. आमच्या धंद्यात ‘एकाने चुकणं’ हा रोजचाच आजार आहे, मोजताना कुठेतरी एक घर पुढे सरकतं. म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. म्हटलं, कुठेतरी बग असेल, सापडेल. पण नाही सापडला! मी त्या कोडची ओळन् ओळ उसवून पाहिली. तो प्रोग्रॅम साच्यात बघूनच एकेक अक्षर मांडायचा, चुकायला त्याला जागाच नव्हती. तरी चुकायचा.

आणि अशात आली सुनंदा.

सुनंदा साताऱ्याकडची. वडील फौजेत हवालदार होते, बर्फातल्या एका चौकीवर गेले, ही तेव्हा शाळेत होती. चुलतेही फौजेतच, त्यांच्याकडे दिल्ली कँटोन्मेंटमध्ये राहून ही शिकली. दोन वेण्या घालायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, बाकी सगळं गावचं. ‘मेधाताई, मेधाताई’ करत माझ्या मागे. मी म्हटलं, चला, ऑफिसात मराठी बोलायला कुणीतरी आलं. तिला माझा प्रोग्रॅम चालवायला शिकवला. तिने चालवला... आणि सगळ्या ओळी बरोबर. एकही चूक नाही.

मी म्हटलं, मशीनचा फरक असेल. तिच्या मशीनवर मी बसले, माझ्यावर ती. माझ्या हाताने चूक, तिच्या हाताने चोख. कोड तोच, साचा तोच, फक्त एंटर दाबणारं बोट वेगळं. खन्नासाहेब हसायला लागले. ‘मेधा यार, आगे से सुनंदा से ही रन करवाओ. इसका हाथ अच्छा है.’ हाथ अच्छा है! म्हणजे माझा हात लागला की कढी फुटते की काय? लिहिलं कुणी, निस्तरलं कुणी आणि हात कुणाचा चांगला? त्या दिवशी डबा खाताना ती जवळ येऊन बसली तर मी उठून दुसऱ्या टेबलावर गेले.

तरी ते काहीच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात फॉर्मला नवा रकाना आला, फौजी ग्राहकांसाठी त्यांच्या सर्व्हिस नंबरचा. बरेच आकडे आणि शेवटी एक अक्षर. मी साचा लिहून दिला आणि सुनंदाने रन केला. मी शेजारीच होते. तिने पहिली ओळ वाचली आणि तिचा हात की-बोर्डवर तसाच राहिला.

‘काय झालं गं?’

‘ताई... हा अण्णांचा नंबर आहे.’

‘कुठल्या अण्णांचा?’

‘माझ्या. वडलांचा.’

फौजी घरांतली एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्यांची ती काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव रंगवलेलं असतं. माणूस जातो, ट्रंक घरी येते. सुनंदा त्याच ट्रंकेवर वह्या ठेवून अभ्यास करत मोठी झाली होती. तिला तो नंबर चुकणं शक्य नव्हतं. तरी मी म्हटलं, ‘चुलत्यांना फोन लाव, बघायला सांग.’ तिने लावला. काकांनी ट्रंकेवरची गोधडी बाजूला करून नंबर वाचून दाखवला. मी स्क्रीन बघत होते आणि ती फोनवर ऐकून एकेक आकडा म्हणत होती. शेवटच्या अक्षरासकट तोच.

तिने रडारड केली नाही. नुसती म्हणाली, ‘अण्णांनी ओळख दिली, ताई.’ दुसऱ्या दिवशी तिने येताना झेंडूचं फूल आणलं आणि मॉनिटरवर ठेवलं. खन्नासाहेबांना वाटलं कुठला तरी मराठी सण आहे, त्यांनी हात जोडले.

योगायोग, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. पण खरं सांगू? आतून नुसती धुमसत होते. माझा प्रोग्रॅम! मी रक्त आटवून लिहिलेला! आणि वडील आले कुणाचे, तर हिचे? माझे बाबा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्यांना लेकीच्या मशीनचा पत्ता सापडू नये? मी दार बंद करून घ्यावं तसं डोकं खाली घालून बाबांच्या स्कूटरच्या नंबराचा साचा लिहिला, आणि रन केला. परत केला. पुनःपुन्हा केला. आमच्या जुन्या क्वार्टरच्या फोनचा साचा केला. बाबांचं काही आलं नाही. आली ती प्रत्येक ढिगात एकेक चुकीची ओळ, शेवटचा आकडा एकाने जास्त. जणू कुणीतरी मला वाकुल्या दाखवतंय! असा संताप आला म्हणता... मी त्याच तिरीमिरीत प्रोग्रॅमला एक चाळण लावली. बनवलेली प्रत्येक ओळ उलटी साच्यात बसवून बघायची. बसली तर ठेवायची. नाही बसली तर कुणाला न दाखवता फेकून द्यायची आणि तिच्या जागी नवी बनवायची. आजार शोधला नाही, वरून पट्टी बांधली. पण झाले ना माझे रन स्वच्छ! खन्नासाहेब म्हणाले, ‘अब हुई ना बात!’ मी सुनंदाकडे बघून मान उडवली. ती बिचारी मनापासून हसली. त्याचाही मला रागच आला.

घरी हे सगळं आईच्या कानावर गेलंच. मीच चिडून सांगितलं. आईने माझं चिडणं बिडणं सोडून भलतंच धरलं.

‘तिला घेऊन ये ना गं घरी. तिच्या हाताला येतं म्हणतेस... ह्यांचं काही येतंय का बघू.’

‘आई, तो कॉम्प्युटर आहे, प्लँचेट नाही!’

‘असू दे. रविवारी जेवायला बोलाव.’

आली सुनंदा रविवारी. सकाळीच आली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून स्वयंपाकघरात. भरली वांगी होती. ती आईला म्हणाली, ‘काकू, आमटी वैलावर सरकवू का?’ आणि आमच्या मातोश्री एकदम पाघळल्याच. ‘वैल! अगं, किती वर्षांनी ऐकला हा शब्द! आमच्या मेधाला विचार बरं वैल म्हणजे काय.’ मला कुठे ठाऊक? चुलीच्या बाजूचं ते मंद आचेचं तोंड असतं म्हणे. मी दिल्लीत वाढलेली, मला गॅसचा छोटा बर्नर ठाऊक. त्या दोघी वैल, उतरंड, शिंकाळं करत हसत होत्या आणि मी बाहेर ताटं पुसत होते. म्हटलं, घे बाई. प्रोग्रॅम घेतलास, आता आई पण घे.

जेवणाआधी घरच्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी लावली. साचा बाबांच्या स्कूटरचाच. सुनंदाने स्क्रीनला नमस्कार केला आणि एंटर दाबलं. ओळी आल्या. आई चष्मा लावून अगदी काचेला नाक लावून बसली. एकेका ओळीखाली बोट धरून वाचत होती, ओठ हलत होते. संपलं की म्हणायची, ‘अजून एकदा कर हं बाळ.’ सुनंदा करायची. काही आलं नाही. आईने चष्मा काढून पदराला पुसला, पुसतच राहिली.

मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! निदान तिच्या हाताला तरी आले नाहीत. आणि पुढच्याच क्षणाला आईचा चेहरा बघितला. म्हणजे बाबा कुणाच्याच हाताला येणार नव्हते.

जेवायला बसलो. मग सुनंदानेच विचारलं, ‘काकू, काका कसे होते हो?’

आई जरा हसली. ‘ऑफिसात म्हणे फार कडक होते. पण हिच्याबरोबर नुसतं पोर. बसस्टॉपवर ह्या दोघांचा खेळ चालायचा गाड्यांच्या नंबरांचा. लोक बघत उभे राहायचे.’

मी म्हटलं, ‘हो, आणि रोज हरायचे. नंबर बनवण्यात बाबा एकदम कच्चे होते.’

आईने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. ‘कच्चे? जन्मभर बजेटची बेरीज केलेला माणूस चार आकड्यांत चुकेल का गं? मुद्दाम चुकायचे ते.’

‘मुद्दाम?’

‘तर काय! सुरुवातीला एकदा ते जिंकले तर तू शाळेपर्यंत भोकाड पसरलंस. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती. तेव्हापासून ठरवूनच टाकलं त्यांनी. मला घरी येऊन सांगायचे, सगळा नंबर नीट म्हणायचा, आणि शेवटचा आकडा एकाने वाढवायचा. लांबचा काही सांगितला तर लबाडी कळेल तिला, म्हणायचे. एकाने चुकलं की खरं वाटतं. मी ओरडायचे, लाडावून ठेवताय. तर म्हणाले, जाऊ दे, मला पकडलं की कशी खुलते ती...’

आई पुढेही बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं. हातातली वाटी कलंडून आमटी ताटभर झाली तरी मी तशीच. सुनंदाला ती भानगड ऑफिसातून माहीत होतीच. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अण्णांच्या वेळी आलं नव्हतं ते आता आलं.

‘ताई,’ ती हळूच म्हणाली, ‘तुमची ती चुकीची ओळ...’

‘गप्प बस,’ मी म्हटलं. ‘प्लीज गप्प बस.’

सोमवारी चार्टर्ड बसमधून उतरून मी धावतच ऑफिसात शिरले. पर्स खांद्यालाच होती. आधी चाळण काढून टाकली, जसा होता तसा केला प्रोग्रॅम. रन केला. सगळ्या ओळी बरोबर. पुन्हा केला. बरोबर. स्कूटरचा साचा, फोनचा साचा, फौजी नंबर, जे सुचेल ते. सगळं चोख. आठवडेच्या आठवडे ज्या चुकीने मला छळलं होतं ती कुठे म्हणून सापडेना. मी शेवटी हात जोडले हो स्क्रीनला, मी! ‘बाबा, एकदा चुका ना. एकदाच. मी ओरडते बघा.’ शेजारच्या टेबलावरून सगळे वळून बघायला लागले. सुनंदाने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. तो मी झटकला नाही, पण सहनही होत नव्हता.

पुढे ती लग्न होऊन बेळगावला गेली. नवराही फौजेतला. अजून संक्रांतीला फोन येतो, आईशी तासभर बोलते. मी तिच्यावर अजून जळते, आता लपवत नाही. तिचे वडील एकदाच आले आणि तिने एका ओळीत ओळखलं, फूल वाहिलं. माझे बाबा रोज येत होते. रोज हरायला येत होते. आणि मी त्यांना बग म्हणत होते.

तुमच्यातले कॉम्प्युटरवाले वाचक आता म्हणतील, मेमरीचा घोळ असेल, चाळण लावताना नकळत मूळची चूक दुरुस्त झाली असेल. असेलही. मी हेच सगळं स्वतःला सांगून बघितलं आहे. पण मग माझ्याच बोटाला का, आणि शेवटच्याच आकड्याला का, आणि एकानेच का? याचं उत्तर माझ्यापाशी नाही. सुनंदाच्या ट्रंकेवरच्या नंबराचं तर त्याहून नाही. कुणापाशी असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

आता मी नोएडाला असते, हाताखाली टीम आहे. काम तेच. जिथे गेले तिथे तो प्रोग्रॅम नव्याने लिहिला, चाळण न लावता. परवा टीममधली एक मुलगी म्हणाली, ‘मॅम, आपके डेटा में कभी एक भी गलती नहीं निकलती. हाथ अच्छा है आपका.’ मी थँक यू म्हटलं. मग सगळे चहाला गेले, तेव्हा नेहमीसारखी तो ढीग उघडून बसले, आणि प्रत्येक ओळ शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली.